लढाई नसतानाची नोकरी

निवृत्त फौजी म्हटलं की बडोद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कारगिलला होता का?" मी नव्हतो. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात मी मैदानी मुलखातल्या एका वर्कशॉपात ट्रकांचे गिअरबॉक्स खोलत होतो. तसं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि तो भल्या मनाने आणखी एक संधी देतो, "मग गोळीबार वगैरे?" तोही माझ्या वाट्याला आला नाही. माझी जवळजवळ सगळी नोकरी लढाई नसतानाची. भूकंप, पूर, परदेशातली शांतिसेना, आणि बाहेरच्या देशांतून आपल्याकडे शिकायला आलेले अधिकारी. या नोकरीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं मूळ घर दांडिया बाजारातलं. आजोबा गायकवाड सरकारात कारकून, वडील कोयलीच्या रिफायनरीत. माझ्या बरोबरीची मुलं एम. एस. युनिव्हर्सिटीत गेली, पुढे जीएसएफसी, आयपीसीएलमध्ये चिकटली. मी १९९० मध्ये ईएमईत भरती झालो. ईएमई म्हणजे फौजेची दुरुस्तीची कोअर. रणगाड्यापासून रेडिओसेटपर्यंत जे बिघडेल ते उघडून बसणारी माणसं. आमच्यातला साधा शिपाईसुद्धा 'क्राफ्ट्समन' म्हणवतो. फतेहगंजला ईएमई स्कूल आहे, तेव्हा मुलगा गावातच राहील अशी आईची समजूत होती. रिक्रूट म्हणून गेलो सिकंदराबादला, आणि गावात बदली मिळेपर्यंत डोक्यावरचे केस निम्मे झाले होते.

भूजबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. आम्ही राजस्थानात होतो, झेंडावंदन नुकतंच झालं होतं. संध्याकाळपर्यंत रिकव्हरीची गाडी, जॅक, साखळ्या, गॅस कटर असं सगळं भरून कच्छच्या वाटेला लागलो. भूजमध्ये फौजेचे आणि हवाई दलाचे स्वतःचेच क्वार्टर पडले होते. बायकामुलं गमावलेले जवान दुसऱ्यांच्या घरांचे ढिगारे उपसत होते. मी त्यावर काही बोलू शकत नाही.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. गुजरातेत तेव्हा स्वित्झर्लंड, ब्रिटन, रशिया, तुर्कस्तान अशा देशांतून बचावपथकं आली होती, इस्रायलच्या फौजेने भूजमध्ये आख्खं फील्ड हॉस्पिटल उभं केलं होतं. एका तीनमजली इमारतीच्या ढिगाऱ्यावर आमची क्रेन स्लॅब उचलायच्या बेतात असताना एक गोरा माणूस दोन्ही हात वर करून धावत आला. सगळी इंजिनं बंद करा म्हणे. आमची क्रेन, शेजारचा जनरेटर, रस्त्यावरची उभी जीपसुद्धा. त्याच्याजवळ कान लावून ऐकायचं यंत्र होतं, खाली कुणी ठोकतंय का ते त्याला ऐकायचं होतं. मला त्या घटकेला त्याचा राग आला. इंजिन चालू ठेवणं हा माझा धंदा, आणि इथे वेळ वाया चाललाय अशी माझी खात्री. आमच्या साहेबांनी मात्र एक शब्द न बोलता हात खाली केला. सगळं बंद झालं. बायकांचं रडणंही थांबवलं होतं. त्या ढिगाऱ्याखाली कुणी सापडलं नाही. पण ते यंत्र कसं लावतात, कुठे लावतात, हे आमच्या दोघा पोरांनी त्याच्यामागे फिरून शिकून घेतलं. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला आणि आपल्या फौजेचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल तिकडे इस्केन्देरूनला गेलं, तेव्हा टीव्हीवर ती दृश्यं बघताना मला भूजच्या गर्दीतली त्यांची माणसं आठवली. हेच हॉस्पिटल १९५० मध्ये कोरियात गेलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तेव्हा त्याला फील्ड अँब्युलन्स म्हणायचे.

२०१० मध्ये काँगोला जायचं ठरलं. आधी दिल्लीत ट्रेनिंग. शांतिसेनेसाठी २००० साली काढलेलं केंद्र तिथे आहे. नकाशे, मलेरियाच्या गोळ्या, यूएनचे नियम असं बरंच होतं, पण एका मेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं तेच पुढे कामाला आलं. "तिथे तुमचा शत्रू नाही आणि तुमचं राज्यही नाही. तिथल्या सरकारच्या संमतीने तुम्ही जाताय. पोलीस, न्यायाधीश, सावकार, यांतलं काहीही व्हायला जाऊ नका." सावकार कशाला म्हणाले ते तिथे गेल्यावर कळलं. भुकेल्या गावात ज्याच्याकडे डिझेल, दोर आणि डबाबंद जेवण आहे, तो न मागता सावकार होतो.

गोमा हे किवू सरोवराच्या काठचं, रवांडाच्या सीमेला चिकटलेलं शहर. डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. २००२ च्या जानेवारीत त्याचा लाव्हा भर शहरातून वाहिला आणि विमानतळाच्या धावपट्टीचा एक भाग गाडून गेला. मी गेलो तेव्हाही रात्री डोंगरमाथ्यावरचं आभाळ लाल दिसायचं. घरांच्या कुंपणभिंती काळ्या लाव्ह्याच्या, रस्तेही त्याच काळ्या दगडाचे, सुरीसारखे धारदार. टायरच्या कडा चिरायच्या, शॉक-अबसॉर्बर गळायचे, स्प्रिंगची पानं तुटायची. पाऊस तर जवळजवळ रोज. थोडक्यात, मेकॅनिकला मरायला फुरसत नाही असा गाव.

आता यूएनचा हिशेब सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. गाड्या आपल्याच असतात, इथून पांढरा रंग मारून, दोन काळी अक्षरं लिहून नेलेल्या. यूएन त्यांचं भाडं आपल्या सरकारला देतं. गाडी चालू ठेवायची जबाबदारी आणि सुटे भाग आपले. याला 'वेट लीज' म्हणतात. भाडं मिळतं ते चालू गाडीचं. दर तिमाहीला तपासणीचं पथक येतं, आणि एका प्रकारच्या गाड्यांतल्या नव्वद टक्के चालू नसतील तर भाड्याला कात्री लागते. म्हणजे दिल्लीत कुणीतरी देशाच्या प्रतिष्ठेबद्दल भाषण करत असताना ती प्रतिष्ठा इकडे गोमामध्ये एका स्टॅलियन ट्रकच्या सेल्फ-स्टार्टरवर टांगलेली असते.

तपासणीला येणारे एका देशाचे नसत. एकदा दक्षिण अमेरिकेतला एक अधिकारी आणि त्याच्याबरोबर यूएनचा मुलकी कारकून आला. कारकुनाच्या हातात यादी. गाडी चालू करा, मागे घ्या, दिवे, हॉर्न, जॅक, स्टेपनी, आग विझवायचं नळकांडं, त्याची मुदत. बीएमपी या आमच्या चिलखती गाड्यांपैकी एकीचा पाण्याचा पंप आदल्या दिवशी गेला होता आणि नवा पंप जहाजाने येऊन आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने कधी पोचेल याचा भरवसा नव्हता. आमच्यातल्या एका हवालदाराने रात्रीच सुचवलं होतं, तपासून झालेल्या गाडीचा पंप काढून हिला बसवू, तासाभराचं काम. जमलंही असतं. मी नको म्हटलं. त्यात माझा मोठा प्रामाणिकपणा नव्हता. काढलेला पंप परत बसवताना गॅस्केट फाटतं आणि मग एकाच्या दोन गाड्या आजारी पडतात, हे मी आधीच्या युनिटात पाहिलेलं होतं. सकाळी त्या अधिकाऱ्याला सरळ सांगितलं, ही बंद आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, यादीवर खूण केली आणि पुढच्या गाड्या जरा कमी वेळात तपासल्या.

मी तिथे असतानाच, १ जुलै २०१० ला, मोहिमेचं नाव बदललं. मोनुकची मोनुस्को झाली. न्यूयॉर्कला ठराव झाला आणि आमच्या पेंटरला महिनाभराचं काम लागलं. दारावरच्या पाट्या, खोल्यांवरच्या पाट्या, खुर्च्यांच्या पाठी. नव्या नावात 'स्थैर्य' हा शब्द घातला होता.

गोमामध्ये चुकुडू नावाचं वाहन आहे. निलगिरीच्या लाकडाची भली मोठी स्कूटर, दोन लाकडी चाकं, त्यांना जुन्या टायरचं रबर ठोकलेलं. उतारावर एक गुडघा टेकवून पोरं त्यावरून पाचपाच पोती बटाटे, कोळसा, कोबी खाली आणतात, आणि चढावर ढकलत नेतात. त्याच्यावर घरं चालतात तिथली. आमच्या वर्कशॉपच्या फाटकाशी एक पोरगा रोज येऊन चाकाकडे बोट दाखवायचा. त्याला जुनं बेअरिंग हवं होतं. आमच्याकडे निकामी बेअरिंगांचा ढीग होता, पण फौजेत निकामी मालाचाही हिशेब असतो. काढलेला भाग जमा, त्याचं कंडेम्नेशन, त्यावर सह्या. देता येत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की वापरलेल्या ग्रीसचा कुणी हिशेब ठेवत नाही. हबमधून काढलेलं काळं ग्रीस डब्यात भरून त्याला दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा चुकुडू न कुरकुरता गेला.

आठवड्याभरात फाटकाशी सकाळी रांग लागायला लागली. पोरं ग्रीस भरून घ्यायची, आमच्या क्राफ्ट्समनना स्वाहिलीतले आकडे शिकवायची. एक म्हातारा तर चुकुडू उलटा करून ठेवायचा आणि आमच्या पंजाबी हवालदाराकडून पुढचा आस सरळ करून घ्यायचा. मला हे सगळं बरं वाटत होतं, लपवत नाही. कुणाला सांगायला काहीतरी मिळालं होतं.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. जुलैच्या शेवटी वालिकाले भागातल्या लुवुंगी आणि आसपासच्या गावांत बंडखोर शिरले. तीनशेहून अधिक लोकांवर, बहुतेक बायकांवर, बलात्कार झाले. मोहिमेचा तळ तिथून तीसेक किलोमीटरवर होता, आणि त्या तळाला वेळेवर कळलंच नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांनी यूएनला धारेवर धरलं, आणि ते रास्त होतं. आम्ही मेसमध्ये रस्ते, जंगल, फोनला रेंज नसणं अशी कारणं एकमेकांना सांगत होतो. कारणं खरी होती. पण रिकव्हरीच्या कामाला त्या बाजूला गेलो की रस्त्याकडेच्या बायका आमच्या बंदुकांकडे बघायच्या आणि काहीतरी बोलायच्या. दुभाष्याला विचारलं तर तो आधी टाळायचा. शेवटी एकदा म्हणाला, "त्या विचारतात, हे ओझं तुम्ही कशासाठी वागवता?"

दुसरी गोष्ट १८ ऑगस्टच्या रात्रीची. किरुम्बा इथल्या भारतीय तळावर काही माणसं आली आणि पहारेकऱ्यांशी बोलायला लागली. ती बोलत असतानाच अंधारातून पन्नासेक जण कोयते, भाले घेऊन तुटून पडले. आपले तीन जवान मारले गेले.

मदत मागणाऱ्याला दाराशी उभं करायचं की नाही, हा प्रश्न मग पुस्तकातला राहिला नाही. आमच्या फाटकापुढची गर्दी दुसऱ्याच दिवशी बंद झाली. पहारेकऱ्याला हुकूम मिळाला, शंभर पावलांच्या आत कुणी थांबणार नाही. पोरं दोन-तीन दिवस लांब उभी राहिली, डबे दाखवत. मग यायची थांबली. हुकूम बरोबर होता. मी कमांडर असतो तरी तोच दिला असता. आणि तरी माझं मत आहे की शांतिसेनेचं निम्मं काम त्या शंभर पावलांच्या आत होतं. गावात काय शिजतंय हे आधी कळतं ते चुकुडूवाल्याला, उपग्रहाला नव्हे. पुढे मोहिमेने गावोगाव संपर्काची माणसं नेमली, काहींना फोन दिले. उशिराने का होईना, त्याच वाटेने गेले.

रिकव्हरीचं एकच काम सांगतो. मासिसीकडच्या घाटात एक मालट्रक चिखलात रुतला होता. वर घेवड्याची पोती, पामतेलाची पिंपं, आणि त्यांच्यावर बसलेली तीसचाळीस माणसं. मागे-पुढे वाहनांची रांग. नियमाने आम्ही ओढायच्या त्या यूएनच्या गाड्या. पण रस्ता अडला तर आमचा ताफाही अडतो, तेव्हा कागदावर 'मार्ग मोकळा करणे' असं लिहिता येतं. विंच लावला. साहेब म्हणाले, माणसं उतरवा. माणसं उतरेनात, कारण उतरलं की पोत्यावरची जागा जाते. शेवटी एका बाईने पाठीवरचं मूल सावरत उडी मारली आणि वरच्यांना असा काही आवाज दिला की सगळे निमूट उतरले. स्नॅच ब्लॉक लावून दोर झाडाला वळवला, शॅकल अडकवली, आणि तासाभरात ट्रक बाहेर. ड्रायव्हरने डॉलरची एक मळकी नोट पुढे केली. नको म्हटल्यावर त्याला संशय आला, हे आणखी मागतात की काय. तिथे गणवेशातला माणूस पैसे न घेता सोडतो ही कल्पनाच त्याच्या डोक्यात बसेना.

काँगोत आपले लोक अजून आहेत. २०२२ च्या जुलैत बुटेम्बोला यूएनविरुद्ध लोक चिडून उठले, त्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले. ती बातमी मी खंडेराव मार्केटात भाजी घेताना फोनवर वाचली. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांनीच मारलं, असं लोक म्हणाले. मला त्या रस्त्याकडेच्या बायकांचा प्रश्न ठाऊक होता, त्यामुळे मला एवढं सोपं वाटलं नाही.

परत आल्यावर यथावकाश बडोद्याला, ईएमई स्कूलला इन्स्ट्रक्टर म्हणून बदली झाली. घर ते नोकरी दहा मिनिटं. आईने आयुष्यभराची तक्रार मागे घेतली.

या शाळेत मित्रदेशांचे अधिकारी येतात. नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश, आफ्रिकेतले काही देश. बडोदेकरांना ईएमई म्हटलं की दक्षिणामूर्तीचं देऊळ आठवतं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या घुमटाचं. १९६६ मध्ये ब्रिगेडियर यूजीन यांनी ते फौजेकडून बांधून घेतलं. यूजीनसाहेब स्वतः ख्रिस्ती. घुमटात, कळसात, मनोऱ्यात, दारात निरनिराळ्या धर्मांच्या खुणा मुद्दाम घातलेल्या आहेत. एका मुसलमान पाहुण्या अधिकाऱ्याने मला दबक्या आवाजात विचारलं होतं, आत आलेलं चालेल ना? मी म्हटलं, बूट काढलेत तर कुणालाही चालतं. तो आत जाऊन घुमटाचे जोड मोजून आला. इंजिनिअर कुठेही गेला तरी इंजिनिअरच.

परदेशी अधिकाऱ्यांना शिकवताना नवं यंत्र दाखवण्यात फारसा अर्थ नाही, हे मला लवकर कळलं. त्यांच्या देशात ते यंत्रच नसतं. एका आफ्रिकी कॅप्टनने मला स्पष्ट सांगितलं, "आमच्याकडे निम्म्या गाड्या तीन वेगवेगळ्या देशांनी भेट दिलेल्या आहेत, आणि एकाचाही सुटा भाग दुसऱ्याला लागत नाही." भेट देणाऱ्यांनी फोटो काढले, चाव्या दिल्या, आणि पहिल्या क्लच प्लेटला गाडी झाडाखाली उभी राहिली. त्याला माझ्याकडून हवी होती ती लॉगबुकाची शिस्त. कुठली गाडी कधी चालली, तेल कधी बदललं, कुठला भाग किती दिवसांत झिजतो. त्याने आमच्या वर्कशॉपची रजिस्टरं रकान्यांसकट वहीत उतरवून घेतली. देशादेशांतल्या लष्करी मैत्रीबद्दल मी बरंच ऐकलंय. संयुक्त सराव, संचलनं, जहाजांच्या भेटी. त्यांचाही उपयोग असेल. पण मला विचाराल तर ती मैत्री त्या वहीत जास्त होती. पुढे हरणीकडे टाटांच्या कारखान्यात सी-२९५ विमानं जुळवायचं ठरलं. ५६ पैकी १६ स्पेनहून तयार यायची, ४० इथली. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या आणि स्पेनच्या पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं तेव्हा सगळा गाव रस्त्यावर होता. माझ्या भाच्याला त्यात केवढा अभिमान. मी त्याला विचारलं, सुट्या भागांचं कसं ठरलंय? तो म्हणाला, मामा, तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये कोर्सला एक नेपाळी कॅप्टन होता. २५ तारखेला, शनिवारी, दुपारी भूकंपाची बातमी आली. त्याचं गाव गोरखा जिल्ह्यात, केंद्रबिंदूच्या बाजूला. फोन लागत नव्हता. आपल्या हवाई दलाची विमानं काही तासांत काठमांडूकडे निघाली होती, ऑपरेशन मैत्री सुरू झालं होतं, आणि हा मेसमध्ये टीव्हीसमोर उभा. चहा हातात धरून उभा राहिला तो गार होईपर्यंत. घरची माणसं वाचली होती, घर नव्हतं. त्याला लगेच परत पाठवलं.

मग महिनाभराने त्याचा फोन आला. आभार मानले, हेलिकॉप्टर गावाजवळ उतरलं ते सांगितलं. आणि मग थोडं थांबून, अवघडत, दुसरंही सांगितलं. मे महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांच्या सरकारने परदेशी बचावपथकांना आता परत जा म्हणून सांगितलं होतं. आपल्या टीव्हीवाल्यांवर तर नेपाळी लोक भयंकर चिडले होते, ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या आईच्या तोंडापुढे माइक धरत होते म्हणून. तो म्हणाला, "सर, घरात मयत झाली की शेजारी पिठलं-भात घेऊन येतो, ते आम्ही विसरणार नाही. पण तो तेराव्यापर्यंत ओट्यावर बसून राहिला आणि गावभर सांगत सुटला, तर?" पिठलं-भात हे त्याने बडोद्यात माझ्याच घरी खाल्लं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दिल्लीच्या मेजरसाहेबांनी हेच दुसऱ्या बाजूने सांगितलं होतं.

२०१८ मध्ये निवृत्त झालो. सगळी नोकरी मदत देणाऱ्यांच्या बाजूला काढलेला माणूस घेणाऱ्यांच्या बाजूला कसा वागतो, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये कळलं.

आम्ही आता समा भागात राहतो. टेनामेंट आहे, वर एक खोली चढवलेली. २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बडोद्यात अशा वेळी सगळ्यांचं लक्ष दोन आकड्यांकडे असतं. आजव्याच्या तलावाची पातळी आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलाखाली विश्वामित्रीची पातळी. आजवा सयाजीरावांनी गावाला पाणी पाजायला बांधला, आणि तोच भरला की गावात पाणी शिरतं. नदीची धोक्याची खूण २६ फुटांची. या वेळी नदी ३५ च्या वर गेली. २०१९ मध्ये आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी पाणी थांबलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. रात्री फ्रिज तरंगायला लागल्याचा आवाज आला.

वीज गेलेली, फोन मरत आलेले, खाली छातीभर गढूळ पाणी. विश्वामित्रीत मगरी आहेत, शेकड्यांनी. त्या पाण्याबरोबर सोसायट्यांत येतात. अकोट्याकडे एका घराच्या पत्र्यावर मगर चढून बसल्याचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. त्यामुळे पोहून कुठे जाणं बाद. वर आम्ही दोघं आणि खालच्या बाजूच्या घरातलं चौघांचं कुटुंब, त्यात दोन महिन्यांचं बाळ. दूध संपलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, ओळखीचा आवाज. पण त्यात खोट होती. इंजिन मध्येच ओरडायचं, म्हणजे पंखा मोकळा फिरत होता. बहुधा शिअर पिन गेली होती, बुडालेल्या दुभाजकाला किंवा गाडीला आपटून. मी कठड्यावरून ओरडलो, "पिन बघा, पिन! इंजिन वर उचला!" बोटीतल्या जवानाने, विशीतला पोरगा, वर बघून अदबीने सांगितलं, "अंकल, आप अंदर बैठिए, गिर जाएँगे." बायको मागे हसली. त्यांनी बोट झाडाला बांधली, इंजिन वर घेतलं, खिशातून नवी पिन काढून बसवली. मी मनात वेळ लावत होतो. बरा वेळ होता.

बाळ आणि त्याची आई पहिल्यांदा. मग शेजारच्या गल्लीतले डायलिसिसचे आजोबा. आमचा नंबर नाही, कारण आम्ही धडधाकट. हे बरोबरच आहे, मीच कुठल्या तरी वर्गात हे शिकवलं असेन. तरीसुद्धा बोट वळली तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "अरे, मी पण फौजीच आहे." पोरगा म्हणाला, "तब तो आप रुक सकते हैं, साहब."

समोरच्या गच्चीवरून एकजण त्यांच्यावर ओरडत होता. दोन दिवस कुठे होता, तुम्हाला काल यायला काय झालं होतं. त्याला कोण समजावणार की फौज आपणहून गावात उतरत नाही. जिल्ह्याने मागावं लागतं, कागद व्हावा लागतो, मग तुकडी निघते. ती पद्धत तशी असणंच चांगलं, हे मी बऱ्याच देशांकडे बघून सांगतो. पण छातीभर पाण्यात तहानलेल्या माणसाला हे सांगायला मी गच्चीवरून तोंड उघडलं नाही.

पाणी ओसरल्यावर गाळ राहिला. चार-पाच बोटं जाड, वास मारणारा. गणपती दहा दिवसांवर आलेले आणि मांडवाचं सामान चिखलात. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटत होतं फौज आहे तोवर गाळही काढून घ्यावा, आणि निघताना हारतुरे करावेत. तुकडीबरोबर एक लेफ्टनंट होता, डोळे लाल झालेले, बुटात पाणी. त्याने सांगितलं, आमची मागणी संपल्याचा कागद आला आहे, आम्हाला पुढे जायचंय. हार नको. एक सही मात्र हवी होती, सोसायटीतून किती माणसं बोटीने हलवली त्या आकड्यावर.

सेक्रेटरी म्हणाले, "लिहा ना शंभर. कोण मोजायला बसलंय?"

त्याने पेन खाली ठेवलं. एकेका घराचं नाव विचारत मोजायला लागला. बाळाच्या घरात चार सांगितले, मी वरून म्हटलं, तीन. बाप इथेच थांबला होता. त्याने खोडून तीन केले. आकडा एकसष्टावर आला. सेक्रेटरींना तो फार कमी वाटला, त्यांनी दोनदा तसं बोलूनही दाखवलं, पण सही केली.